चिंचणकरांचे राहिलेले दिवस

झरी, ता. तलासरी
दिनांक १८ नोव्हेंबर २०२४

सौ. ठकी हिस झरीहून जिव्या काकड्या वरठा याचे सांगणे, की येथे सर्व ठीक आहे.

हे पत्र आपले जावई विनोदराव तुला वाचून दाखवतील. विनोदराव, आपणांस विनंती, की मजकूर जसा लिहिला आहे तसाच वाचावा. आपल्याकडचे त्यात काही घालू नये, आणि मध्ये हसू नये. मागे फोनवर मी आपणांस म्हटले होते, "तिची प्रकृती कशी आहे ते कळवावे." आपण तिला जाऊन सांगितलेत, "बाबा लय रडकुंडीला आलाय." मी रडकुंडीला आलेलो नव्हतो. मला सर्दी झाली होती. त्यामुळे यापुढे सर्व व्यवहार लेखी होईल. टपाल डहाणूला वळसा घालून येते, म्हणून हे पत्र झाईच्या एसटीच्या कंडक्टरकडे देत आहे.

ठके, तू फोनवर येत नाहीस. गंगी फोन तुझ्या कानाशी धरते तेव्हा मला झाईचा समुद्र आणि तुमच्या कोंबड्या ऐकू येतात, तू ऐकू येत नाहीस. आपल्या मुलीच्या घरी राहण्यास माझी हरकत नाही. परंतु पावसाळा गेला, भात कापून झाले, तरी पाहुणचार संपत नाही, याबद्दल लोक बोलतात.

घराची व्यवस्था चोख आहे. भाकरी मी स्वतः करतो. नाचणीची भाकरी गोलच असली पाहिजे असा कोठेही नियम नाही. चुलीच्या वर कौलांना जो काळा डाग आहे तो पूर्वीचाच आहे. शेजारीण पुतळी सांगत फिरते तसे काही घडलेले नाही, आणि जे घडले ते लगेच विझवण्यात आले.

आता मूळ विषय. वैशाखात पुतळीच्या नातवाच्या, दीपेशच्या लग्नात जे झाले, त्याची वस्तुस्थिती मांडतो. तू धवलेरी आहेस. आपल्यात लग्न लावते ती धवलेरी, आणि तिचे गाणे पुरे झाल्याशिवाय नवरा-नवरी लागत नाहीत, हे मला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. परंतु तालुक्याहून पाहुणे आले होते. त्यांना पुढच्या लग्नास जायचे होते. त्यांच्या स्वागताचे चार शब्द मी लिहून आणले होते. म्हणून मी ध्वनिक्षेपकावरून, अत्यंत सभ्य शब्दांत, "धवलेरीबाईंनी दोन मिनिटे थांबावे" अशी विनंती केली. तू थांबलीस. विनंती मान्य झाली असे मी समजलो. तू मांडवातून निघून गेली आहेस, ही माहिती मला भाषण संपल्यावर मिळाली. नवरा-नवरी अर्धी लागलेली तशीच बसून राहिली. वरच्या पाड्यावरून दुसरी धवलेरी आणेपर्यंत वऱ्हाडाची ताडी संपली, आणि तो दोषही माझ्यावर आला.

भाषण चांगले झाले होते. ते तू ऐकले नाहीस.

मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. तू परत यावेस असे माझे म्हणणे नाही. तू यायचे ठरवलेस तर माझी हरकत नाही, इतकेच कळवतो. माघात लग्ने सुरू होतील. लोक विचारतात, "ठकी येनार काय?" मी त्यांना "विचाराधीन आहे" असे उत्तर देतो.

आपला,
जिव्या काकड्या वरठा
(निवृत्त शिपाई, वाचनालय, डहाणू)


झरी
दिनांक ९ डिसेंबर २०२४

सौ. ठकी हिस, लिहिण्यास कारण, की तुझे उत्तर पोहोचले.

उत्तर विनोदरावांच्या अक्षरात आहे, ते असे: "सासू म्हणते नाय. मी म्हटलं आजून काय लिवू. सासू म्हणते, नाय म्हंजे नाय. बाबा, बोंबील पाठवू का." पत्राचा असा नमुना मी वाचनालयाच्या तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. बोंबील पाठवावेत.

आज एक महत्त्वाची गोष्ट कळवायची आहे. वाचनालयाचे चिटणीस रविंद्र सर स्वतः झरीला आपल्या घरी येऊन गेले. ते खाटेवर बसले. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो अर्धा प्यायला, कारण त्यांना घाई होती.

फार पूर्वी, इंग्रजांच्या अमलात, चिंचणकर नावाचे एक थोर नाटककार होऊन गेले. त्यांना दम्याचा विकार होता, म्हणून हवापालटासाठी ते सरावलीस एका बंगल्यात येऊन राहिले. तेथे त्यांनी आपले शेवटचे नाटक लिहिले आणि तेथेच ते वारले. तो बंगला आज दक्षाबेन यांच्या मालकीचा आहे. चिकूची वाडी आहे ती, फाटकाशी जुनी विहीर असलेली. दक्षाबेन पियानो वाजवतात. येत्या ११ जानेवारीस, शनिवारी सायंकाळी, चिंचणकर यांच्या पुण्यतिथीनिमित्त त्यांच्या नाटकांतील उताऱ्यांचे वाचन आणि दक्षाबेन यांचे पियानोवादन असा कार्यक्रम बंगल्याच्या दिवाणखान्यात ठरला आहे.

पियानो म्हणजे मोठी काळी पेटी. बाजाच्या पेटीसारखाच प्रकार, परंतु हिला भाता नाही, तीन पाय आहेत, आणि झाकण खाटेएवढे आहे. रविंद्र सर म्हणतात, हे संगीत ऐकताना बोलू नये, उठू नये, आणि मध्येच टाळ्या वाजवू नयेत. ते संपले की नाही हे जाणकारांनाच कळते. इतरांनी जाणकारांकडे पाहावे.

गेल्या वर्षी असाच कार्यक्रम झाला तेव्हा चार श्रोते होते. त्यांतील दोघे खुर्च्या देणाऱ्या मंडपवाल्याची माणसे होती. यंदा मुंबईहून प्रमुख पाहुणे येणार आहेत, म्हणून दिवाणखाना भरला पाहिजे. रविंद्र सर म्हणाले, "काका, तुमचा शब्द तुमच्या भागात चालतो. थोडी माणसं आणा." मी म्हटले, "आणतो. परंतु मला एक पान वाचावयास द्यावे." सरांनी घड्याळाकडे पाहिले. मग म्हणाले, "घ्या हो, एक पान काय!"

तर ठके, मी व्यासपीठावरून वाचणार आहे. ज्या वाचनालयात मी पुस्तकांवरची धूळ झटकली, त्याच्या कार्यक्रमात, चौथी शिकलेला माणूस. चौथ्या अंकातील राजाचे भाषण मला मिळाले आहे. शत्रू वेशीशी आला असता राजा आपल्या सेनापतीस बोलतो असा प्रसंग आहे. मी रोज अंगणात सराव करतो. समोर बैल बांधलेला असतो. काल त्याने दावे तोडले.

तू हे ऐकावेस असे मला वाटते. हे आमंत्रण समजावे. येण्याची सक्ती नाही.

जिव्या काकड्या वरठा


झरी
दिनांक ३० डिसेंबर २०२४

सौ. ठकी हिस, बोंबील मिळाले, ते उत्तम होते. उत्तर मात्र सोबत नव्हते. बोंबील हेच उत्तर असल्यास तसे विनोदरावांनी कळवावे.

माणसे जमवण्याचे काम मी हाती घेतले. प्रथम पाड्यावरच्या हाल्याकडे गेलो. त्याचे आणि माझे बोलणे असे झाले:

"पियानो म्हंजे? नाचायचं हाय काय?"

"नाही. बसून ऐकायचे."

"मंग ताडी?"

"चहा आहे."

"जेवान?"

"बिस्किटे आहेत."

हाल्या म्हणाला, "तू जा, काका. माझं पोट दुखतंय." अकरा तारखेस दुखणारे पोट त्याला तेव्हाच कळले. इतर घरीही साधारण हेच उत्तर मिळाले. एकाने तर लांबून मला पाहून दार लावून घेतले. वैशाखापासून लोक माझ्या हातात कागद दिसला की सावध होतात.

शेवटी पुतळीकडे गेलो. ती भात झोडत होती. तिला मी व्यवस्थित सांगितले, की चिंचणकर यांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम आहे, तरी आपण उपस्थित राहावे.

ती म्हणाली, "कोन मेला?"

"नाटककार चिंचणकर."

"आपल्यातला?"

"नाही. थोर होते."

"कदी मेला?"

"पुष्कळ वर्षे झाली. शंभरावर."

पुतळीने हातातली पेंढी खाली ठेवली. "आन् दिवस आता घालतात? त्याची मानसं मेली हुती काय?"

"त्यांना मूलबाळ नव्हते," मी म्हटले. ही माहिती रविंद्र सरांनी दिलेल्या पत्रकात आहे.

"अरं देवा," पुतळी म्हणाली, "शंभर वर्सं तसाच लटकत ऱ्हायलाय बिचारा! कुनी वाटेला लावलाच नाय!"

पुण्यतिथी आणि मेलेल्याचे दिवस यांतील फरक मी तिला समजावणार होतो. परंतु तोपर्यंत तिने शेजारच्या घरात हाक दिली होती, त्या घराने पुढच्या, आणि माझे वाक्य पूर्ण होईपर्यंत बातमी ओहोळाच्या पलीकडे गेली होती. तुला आपली माणसे माहीत आहेत. जेवणाला न गेलेले चालते, मेलेल्या माणसाकडे न गेलेले चालत नाही. संध्याकाळी हाल्या स्वतः आपल्या घरी आला. "काका, टेम्पो किती वाजता सुटनार? माझी सासू पन येनार हाय. ती लय चांगली रडते."

गैरसमज दूर केल्यास संख्या घटेल, हे माझ्या लक्षात आले. म्हणून तो योग्य वेळी दूर करण्याचे मी ठरवले आहे. रविंद्र सरांना मी "दोन टेम्पो भरून माणसे येतील" इतके कळवले. त्यांनी फोनवर मला 'दोन' हा आकडा पुन्हा सांगावयास लावला. नंतर म्हणाले, "काका, आपल्या भागात अजून साहित्याची भूक आहे, हे मी नेहमीच म्हणत आलोय."

विनोदराव, हा परिच्छेद तिला वाचून दाखवू नये: सासूबाईंना आपल्या टेम्पोतून आणता आले तर पाहावे. मी सांगितले असे म्हणू नये. आपल्याच मनात आले असे म्हणावे.

जिव्या काकड्या वरठा


झरी
दिनांक १३ जानेवारी २०२५

सौ. ठकी हिस, परवाच्या कार्यक्रमाचा वृत्तांत लिहीत आहे. तू हजर होतीस, हे मला ठाऊक आहे. परंतु तू व्यासपीठाकडे पाठ करून बसली होतीस, म्हणून तेथे काय झाले ते तुला कळवणे माझे कर्तव्य आहे.

योग्य वेळ आली नाही, हे मान्य करतो.

आमचे टेम्पो फाटकातून आत आले तेव्हा रविंद्र सर हात जोडून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मग माणसे उतरू लागली. पुतळीच्या डोक्यावर तांदळाची टोपली, हाल्याच्या दोन्ही हातांत उलट्या धरलेल्या कोंबड्या, त्यामागून नारळ, त्यामागून ताडीचे मडके. रविंद्र सरांनी मला बाजूला घेतले. "काका, हे काय आहे?" मी म्हटले, "श्रोते आहेत." ते म्हणाले, "कोंबड्या?" मी म्हटले, "चिंचणकर यांच्याबद्दल आदर आहे, सर. आमच्याकडे अशा घरी कोणी रिकाम्या हाताने जात नाही." यात एक शब्दही खोटा नाही.

दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. पुरुष खुर्च्यांवर बसले, बायका भिंतीकडेला जमिनीवर. चिंचणकर यांची हार घातलेली तसबीर एका उंच स्टुलावर होती. तिच्यासमोर तांदळाचे ढीग जमू लागले. पुतळी त्या काळ्या पेटीभोवती एक फेरी मारून आली आणि मला हळूच म्हणाली, "यात ठेवलाय काय?" मी म्हटले, "नाही, हे वाद्य आहे." ती म्हणाली, "लांबी तर बराबर हाय." हाल्याने पेटीच्या पायाला कोंबडी बांधली, ती मी सोडली. त्याने पुन्हा बांधली.

दक्षाबेन पांढरी साडी नेसून आल्या आणि त्या पेटीसमोर मान खाली घालून बसल्या. वाजवण्यापूर्वी त्या नेहमीच तशा बसतात, असे नंतर कळले. परंतु पुतळीने तोवर मला चार वेळा विचारले होते, "घरचं कोन? कोनाच्या गळ्यात पडायचं?" आणि आता तिला समोर उत्तर दिसले.

पहिली रचना मंद होती. पावसाळ्यात पागोळ्या गळतात तसा एक एक सूर पडत होता. ती अर्ध्यावर आली असताना पुतळी उठली, हाल्याची सासू उठली, मागोमाग आणखी तिघी, आणि त्यांनी दक्षाबेन यांना मिठी मारून मोठ्याने गळा काढला. रविंद्र सर उभे राहिले. प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

दक्षाबेन घाबरून म्हणाल्या, "अरे, शुं थयुं? मला काय झालं?"

"रड बाय, रड," पुतळी म्हणाली, "येकटीच हायस ना येवढ्या घरात?"

"हा. एकटीच."

"मंग रड की!"

दक्षाबेन यांनी एकदा रविंद्र सरांकडे पाहिले, एकदा चिंचणकरांकडे. मग त्या खरोखरच रडू लागल्या. कशासाठी ते त्यांनी सांगितले नाही आणि पुतळीने विचारले नाही. थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी राहिलेली रचना पूर्ण केली. माझ्या मते दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा चांगला झाला.

मग रविंद्र सरांनी दुसऱ्या अंकातील प्रवेश वाचला. भगत कथा सांगतो तेव्हा आपण प्रत्येक वाक्याला "हां" म्हणतो, त्याप्रमाणे सर्व पुरुष "हां" म्हणू लागले. सर पहिल्यांदा दचकले. मग त्यांचा आवाज वाढला. "त्या कपटी प्रधानाने दार लावून घेतले..." "हां!" "आणि राजकन्या एकटी पडली..." "हां! मंग?" असे कोणी विचारलेले सरांनी आयुष्यात ऐकले नसावे. एकाच पानाऐवजी त्यांनी सगळा प्रवेश वाचला, आणि शेवटचा भाग हाल्याच्या आग्रहावरून पुन्हा वाचला. हाल्याला त्या प्रधानाचे गाव हवे होते.

वेळ गेला तो येथे गेला, हे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर दक्षाबेन यांनी दुसरी रचना वाजवली. ती संपली, आणि दिवाणखान्यात कोणी बोलेना. जाणकार म्हणून कोणाकडे पाहावे ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्या शांततेत तू मागून गाणे सुरू केलेस, मेलेल्याला वाट दाखवण्याचे. विनोदरावांच्या टेम्पोतून तू कधी उतरलीस आणि बायकांत कधी येऊन बसलीस, हे मी पाहिले नव्हते. म्हणजे पाहिले होते. वैशाखानंतर तुझा आवाज प्रथमच ऐकला. सर्दीचा वाटला. झाईची हवा तुला मानवत नाही.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे यापुढे प्रमुख पाहुण्यांचे भाषण आणि नंतर माझे वाचन होते. परंतु तुझे गाणे लांबले, पाहुण्यांची परतीची गाडी होती, ते निघून गेले, आणि वेळेअभावी माझे वाचन होऊ शकले नाही. मी धुतलेला कोट घातला होता. असो. त्या वेळी ध्वनिक्षेपक काही काळ माझ्या हातात होता. त्यातून खरखर येत होती, म्हणून तो मी बंद करून खाली ठेवला. याव्यतिरिक्त काही घडले नाही.

दक्षाबेन यांनी मात्र आपली पेटी बंद केली नाही. तुझ्या गाण्याखाली त्या हळूहळू एक एक पट्टी दाबत राहिल्या, अंधारात कोणी पाय चाचपून टाकतो तशा. गाणे संपल्यावर पुतळीने तसबिरीकडे पाहिले आणि जाहीर केले, "गेला. सुटला आता." मलाही चिंचणकर थोडे सैल झाल्यासारखे दिसले. तो हाराचा परिणाम असेल.

मेलेल्याच्या नावाने आणलेले घरी परत नेता येत नाही, म्हणून चिकूखाली चूल मांडावी लागली. दक्षाबेन यांनी दोनदा भात घेतला. रविंद्र सरांनी कोंबडी खाल्ली, परंतु माझ्याशी बोलले नाहीत, अजूनही बोलत नाहीत. तू वाढत माझ्या पानाशी आलीस तेव्हा मी म्हटले, "आलीस ते बरे झाले." तू म्हणालीस, "मेल्यासाठी आले. जित्यासाठी नाय." माझ्या पानात भात टाकलास आणि पुढे गेलीस. नंतर झाईच्या टेम्पोत बसून निघून गेलीस.

भात थोडा जास्त टाकला होतास. त्यावरून मी कोणताही निष्कर्ष काढलेला नाही.

हे माझे शेवटचे पत्र समजावे. मला जे सांगायचे होते ते यात नाही, आणि कशात घालावे हे मला कळत नाही.

जिव्या


झरी
दिनांक २ फेब्रुवारी २०२५

चि. विनोदराव यांस सासऱ्याचे आशीर्वाद. सौ. ठकी काल दुपारच्या एसटीने येथे सुखरूप पोहोचली, ही पोच.

आता आपल्याविरुद्धची तक्रार. मी पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहिले होते, की पत्रातील मजकूर आहे तसाच वाचावा. आपण तसे केले नाही, असे सौ. ठकी हिच्याच तोंडून कळले. ती उंबऱ्यात गाठोडे ठेवून म्हणाली:

"इनोद वाचत हुता. 'त्यातून खरखर येत होती' इथवर आला, आन् गप झाला. मी म्हटलं, वाच की. तो म्हनाला, सासू, बाबानं लिवलंय ते खोटं हाय. मी दाराशी उभा हुतो. त्या सरानं बाबाच्या हातात माइक दिला, म्हनाला, काका, ती तुमची बाई ना, तिला दोन मिन्टं थांबवा, पावन्यांची गाडी हाय, मंग तुमचंबी वाचून होईल. बाबानं माइक घेतला. खिशातनं आपला कागुद काढला. कागुद बघितला, तुला बघितलं. मंग म्हनाला, सर, ती थांबनार नाय. आन् थांबली तरी मी थांबवनार नाय. आन् बटन बंद केलं."

हे सर्व माझ्या पत्रात कोठे होते, विनोदराव? एक ओळ तरी दाखवावी. आपण वाचून दाखवता की मनाने सांगता? सरकारी कचेरीत असे वाचन करणाऱ्यास घरी पाठवतात.

मी सौ. ठकी हिला म्हटले, "त्याने सांगितले ते पत्रात नाही." ती म्हणाली, "म्हनून तर आले." मग ती आत गेली आणि चुलीवरची कौले पाहून बाहेर आली. त्याबद्दल जे बोलणे झाले ते येथे देत नाही.

आपण झाईस कोळंबीचे कालवण करता ते उत्तम असते, असे तिचे म्हणणे आहे. माझे मत मी खाल्ल्यावर देईन. आपण व गंगी येत्या रविवारी यावे. येताना घाई करू नये, परंतु यावे.

सकाळी पुतळी आली होती. तिच्या भावाच्या नातीचे लग्न आहे. तिने आधी ठकीला विचारले, "येशील?" मग माझ्याकडे वळून विचारले, "आन् तू बोलनार काय?" मी म्हटले, "मी मांडवाच्या बाहेर उभा राहून पाहुण्यांना पाणी देईन." पुतळी म्हणाली, "पानीच दे. वाचून दावू नको."

आता सौ. ठकी हिला आपणांस व गंगीस काही कळवायचे आहे. ती सांगते आणि मी लिहितो. मध्ये बोलायचे नाही अशी तिची अट आहे. ती मी मान्य केली आहे. पुढील मजकूर तिचा:

गंगे, माझी लाल कोंबडी तिकडंच हाय, ती अंड्यावर बसलीय, तिला उठवू नको. पिलं निगाली की इनोदकडं दे. निळं पातळ दोरीवर ऱ्हायलं. इनोद, तू टेम्पो हळू हान, त्या दिसी माझी मान मोडली. म्हाताऱ्याचा कोट बघितला काय तुमी? बटनं उलटी लावली हुती, तसाच सगळ्या लोकांत बसला. मी पाठ करून बसले हुते तरी दिसलं. भाकरी कशी करतो ती पन बघितली आज. बैलानं नाय खाल्ली. कौलं काळी झालीत, म्हनतो आदीपासनं हाय. लिव, लिव, थांबलास कशाला. त्या पांढऱ्या साडीवालीचा फोन आल्ता पुतळीकडं, ती म्हनते, पुन्यांदा कदी येनार. मी म्हटलं, पुन्यांदा कोन मेलं तर येऊ. ती लय हसली. तिला येकटं वाटतं तिथं. गंगे, तू सरावलीला बाजाराला गेलीस की तिला बोंबील दे. आन् पोराला खोकला हाय तर हळद

मोटारथांब्यावर झाईची गाडी भोंगा वाजवते आहे. हे पत्र तिच्याबरोबरच द्यायचे होते. जाऊ दे गाडी. ती अजून सांगते आहे.